लेझरला न दिसणारे

नमुन्यादाखल आखलेल्या, दोन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशा चौकोनात एकूण सदतीस केस होते. त्यांतले तेवीस काळे, चौदा पांढरे. नर्सने भिंगातून दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला. मग तिने ओरिएच्या ओटीपोटावरचा टॉवेल खाली ओढून नीट केला.

"तेवीस जातील, कात्सुबे-सान," ती ओरिएला म्हणाली. "चौदांवर आमच्याकडे उपाय नाही."

ओरिएने कारण विचारलं. नर्स जेमतेम पंचविशीची होती, पण समजावून सांगण्यात हुशार होती. लेझर केसाच्या रंगावर चालतो. काळा रंग उजेड पितो, तापतो आणि मुळाला जाळतो. पांढऱ्या केसात पिण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे लेझरला तो दिसत नाही. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर सगळे गेले असते, असं ती सांगून बसली आणि लगेच वरमून म्हणाली की दहा वर्षांपूर्वी असला विचार कुणाच्या डोक्यात असतो म्हणा.

ओरिएच्या डोक्यात तर नव्हताच. दहा वर्षांपूर्वी ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या सासूबाई, त्सुया, आपल्या केशकर्तनालयात दिवसाचे आठ तास उभ्या असत.

हा विचार तिच्या डोक्यात घातला तो कादोवाकीने. मात्सुए शहरातल्या शाळांचं दुपारचं जेवण ज्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजतं, तिथे ओरिए सामान तोलून द्यायच्या कामावर होती आणि कादोवाकी तिची जोडीदारीण. रोज सकाळी आत शिरण्याआधी पांढरा कोट, टोपी, मास्क चढवून दोघी चिकट कागदाचा रूळ एकमेकींच्या अंगावरून फिरवत. डोक्यापासून घोट्यापर्यंत प्रत्येकी तीस सेकंद. चार हजार पोरांच्या सूपमध्ये एक केस सापडला तरी तीन पानी खुलासा लिहावा लागे. असा रूळ फिरवता फिरवताच कादोवाकी एकदा म्हणाली होती की कबरीची जागा घेऊन झाली, अंत्यविधीला लावायचा शेवटचा फोटोही काढून ठेवला, मग राहिलं होतं तेवढं खालच्या केसांचंही उरकून घेतलं.

"अंथरुणाला खिळले तर मुलगा काय मला पुसणार नाही, आणि सून तर त्याहून नाही," ती म्हणाली. "पुसेल ती कुणीतरी परकी पोरगी. निदान तिच्या शिव्या नकोत खायला."

बाकीच्या बायका हसल्या. ओरिए हसली नाही. ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लंगोटपट्टी बदलली आहे त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मळ केसांत अडकतो, एका पुसण्याच्या जागी चार वेळा पुसावं लागतं, चौथ्या पुसण्याला कातडी सोलवटते आणि ओल तिथेच धरून राहते. ओरिएने हे सहा वर्षं केलं होतं. सासूबाई जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

त्सुयांच्या हातात वस्तरा शोभत असे. पुरुष दाढीला येत तशा बायका चेहऱ्यावरची लव काढून घ्यायला येत. लग्नाच्या दोन दिवस आधी गावातल्या नवऱ्या मुली मानेमागची लव काढायला त्यांच्याच खुर्चीत बसत, कारण किमोनोची कॉलर मागून उतरते आणि मान सगळ्यांना दिसते. त्यांनी लव काढली की पावडर सांगेल तिथे बसते, असं म्हणत. ओरिएची मानही लग्नाआधी त्यांनीच केली होती. होणाऱ्या सासूच्या हातात उघडा वस्तरा आणि आपण मान खाली घालून बसलेलो, याची तेव्हा तिला फार गंमत वाटली होती.

एक्याऐंशीव्या वर्षी त्या दुकानाच्या पायरीवरून पडल्या. खुबा मोडला, मग एकेक करत सगळंच मोडत गेलं. ओरिएच्या नवऱ्याने, तोमोनोरीने, दुकान कधीच चालवलं नव्हतं. तो सरोवरातल्या शिंपल्यांच्या सहकारी संस्थेत होता. तो आईला उचलून बसवी, जेवायला घाली, पण खालचं काम निघालं की खोलीबाहेर जाई. ते ओरिएच्या वाट्याला आलं, आणि आपल्याच वाट्याला का, असं तिनेही विचारलं नाही.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत लंगोटपट्टीखाली आलेली पुरळ चिघळली. आठवड्यातून दोनदा घरी येणारी नर्स म्हणाली की तिथले केस काढलेत तर बरं पडेल. दुसऱ्या दिवशी ओरिएला साडेसातला कामावर पोहोचायचं होतं. सहा वाजून पन्नास मिनिटांनी तिने न्हाणीघरातल्या खणातून पाचांच्या पाकिटातला एक पिवळा प्लास्टिकचा रेझर घेतला. सासूबाई झोपेत होत्या, किंवा तिला तसं वाटलं. साबण लावून तिने चार मिनिटांत काम उरकलं. घाईत उलट्या दिशेने ओढलं, दोन ठिकाणी कापलं. मध्येच तिने वर पाहिलं तेव्हा सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्या छताकडे बघत होत्या.

त्यानंतर अकरा दिवस त्या बोलल्या नाहीत. जेवत होत्या, औषध घेत होत्या, कूस वळवायला सांगितली की वळत होत्या. पुरळ नवव्या दिवशी बरी झाली. बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या चहाला ओरिएने चोचीचा पेला त्यांच्या तोंडाला लावला, तेव्हा दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "विचारलं असतंस तर हो म्हणाले असते मी."

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ओरिएनेही कुणाला सांगितलं नाही.

लेझरच्या पाच खेपा झाल्या, आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने. खेपेच्या आदल्या दिवशी केस आपणच भादरून यायचे असा दवाखान्याचा नियम होता, म्हणजे उजेड वर वाया न जाता मुळाशी पोहोचतो. ओरिए न्हाणीघरातल्या बुटक्या स्टुलावर आरसा टेकवून बसे. केस घालवायचं मलमही लावून पाहिलं होतं, पण वासाने डोकं उठलं आणि जांघेत पुरळ आली. तेव्हा रेझरच. तो ती चांगला घेत असे, तीन पात्यांचा, आणि सुलट्या दिशेनेच ओढत असे. तरी चार मिनिटं झाली की हात आपोआप थांबे.

लेझरचा मार ताणलेलं रबर कातडीवर सुटावं तसा लागे आणि खोलीत करपलेल्या लोकरीचा वास येई. पाचव्या खेपेनंतर नर्सने भिंग लावलं. काळा एकही नव्हता. पांढरे चौदा होते ते सोळा झाले होते. मधल्या काळात दोन काळे पिकले, एवढंच. नर्सने अभिनंदन केलं आणि पुढे काय, यावर दोन पर्याय सांगितले. पांढरे तसेच राहू द्यायचे, अधूनमधून कातरायचे. नाहीतर योनागोला मोरिवाकी म्हणून एक बाई आहेत, त्या अजून सुईने काढतात. सुईला केसाच्या रंगाची गरज नसते. पण एकेक केस काढावा लागतो, आणि लेझर त्याच्यापुढे गुदगुल्या.

मार्चमधल्या विषुवाच्या सुट्टीला, पूर्वजांच्या कबरींवर जायच्या दिवसांत, मुलगी हिरोशिमाहून आली. चिहाया एकोणतीस वर्षांची, दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या कार्यशाळेत कामाला. सकाळी सगळे मिळून कबरीवर जाऊन आले, सासूबाईंच्या दगडावर पाणी घातलं, आणि दहाच्या ठोक्याला तोमोनोरी मासे आणायला म्हणून सटकला. मायलेकी स्वयंपाकघरात हिरवा चहा घुसळून बसल्या. टेबलावर मोरिवाकीबाईंचं माहितीपत्रक पडलं होतं. चिहायाने ते वाचलं आणि विचारलं की हे कुणासाठी.

ओरिएने सांगितलं. चिहाया आधी हसलीच. चौथीत असताना पोरं हातावरच्या केसांवरून चिडवतात म्हणून ती रडत घरी आली होती, तेव्हा आईने तिला केस अंगाचं रक्षण करतात यावर अर्धा तास शास्त्र ऐकवलं होतं. पुढे पहिल्या पगारात चिहायाने दोन्ही हात लेझरने साफ करून घेतले, त्यावर आईने पैशांचा धूर म्हणून तोंड वाकडं केलं होतं. मागे एकदा मुलीने मेणाची पट्टी आईच्या पोटरीला लावून ओढली, तर आई उरलेली पट्टी पायाला तशीच घेऊन दोन दिवस वावरली होती.

"आणि आता सुया टोचून घेणार? ते पण तिथे?" चिहाया म्हणाली. "आई, मी काही परत येणार नाहीये तुला पुसायला. आत्ताच सांगून ठेवते."

"कोण म्हणालं तू ये? जी कुणी येईल तिच्यासाठी."

"जी येईल ती पगार घेईल. तिचं ती बघेल की. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

ओरिएने पेला दोन्ही हातांत फिरवला. मग तिने फेब्रुवारीतली ती सकाळ सांगितली, सहा पन्नासपासून. पाकीट, साबण, दिशा, दोन कापे, छत, अकरा दिवस. सामान तोलून द्यावं तसं एकेक पुढे ठेवलं. सासूबाईंचं वाक्यही सांगितलं.

चिहायाने आपला पेला खाली ठेवला. मग विचारलं, "रेझर कुठला होता?"

"पिवळा. पाचांच्या पाकिटातला."

"आजीला? पिवळा प्लास्टिकचा?" चिहायाला हसू फुटलं, आणि फुटलेलं हसू तिला धड आवरेना की पुढे नेता येईना. तिने नाक पुसलं. "आजीने त्या रेझरने टोमॅटोसुद्धा सोलू दिला नसता कुणाला."

"हो."

"म्हणून तू सगळं आधीच साफ करून ठेवणार."

"म्हणून."

चिहायाने माहितीपत्रकाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हणजे कुणावर तुला काही विचारायची वेळच येऊ नये," ती म्हणाली. "पण आई, आजीला केस काढल्याचा राग नव्हता. तू ऐकलंस ना ती काय म्हणाली ते?"

ओरिएने ऐकलं होतं. तेव्हापासून रोज ऐकत होती. तिने चुलीवरचं पाणी पुन्हा तापत ठेवलं आणि दोघींचे पेले विसळले. तेवढ्यात तोमोनोरी मासे घेऊन आला आणि बायकोचं आणि मुलीचं तोंड पाहून पिशवीसकट परसात गेला.

सुईसाठी केस वाढवावे लागतात, निदान पाच मिलिमीटर, म्हणजे चिमट्यात धरता येतात. ओरिएने पाच आठवडे रेझरला हात लावला नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ती योनागोला गेली. जाताना स्वतःला तिने बजावलं होतं की एकदा करून पाहू, सहन नाही झालं तर कातरी आहेच.

मोरिवाकीबाईंची खोली एका छत्र्यांच्या दुकानावर होती. एक पलंग, एक दिवा, एक भिंग, पेटीएवढं एक यंत्र. बाई सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, पाठीत वाकलेल्या. पण हात टेबलावर ठेवला की पेपरवेटसारखा स्थिर. ओरिएने सदतीस, तेवीस, चौदा, सोळा असे सगळे आकडे सांगितले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं की एवढं मोजायची सवय कुठली. ओरिएने स्वयंपाकघराचं सांगितलं. मग आज तुम्हीच मोजा, मी एकदा भिंगाला डोळा लावला की मला आकडे राहत नाहीत, असं बाई म्हणाल्या.

कृती सोपी होती. केसाच्या मुळाशी केसाइतकीच बारीक सुई सरकवायची, क्षणभर वीज सोडायची, आणि मग चिमट्याने धरलं की लोण्यातून निघावा तसा केस निघतो. निघताना दुखत नाही. दुखतं ते त्याआधी, वीज येते तेव्हा. एकाच बिंदूवर, आणि फार.

बाईंनी टॉवेल सरकवला, दिवा खाली ओढला. ओरिएने छतातल्या एका फळीवर नजर लावली. सुई कातडीला टेकल्याचं जाणवलं आणि ती तिथेच थांबली.

"घालू?" मोरिवाकीबाईंनी विचारलं.

ओरिएला वाटलं की हे सुरुवातीपुरतं असेल. ती हो म्हणाली. वीज आली, तिच्या पायाची बोटं वळली, आणि केस निघाला. बाईंनी तो पांढऱ्या कागदावर आडवा ठेवला. सुई पुढच्या जागी टेकली.

"घालू?"

"दर वेळी विचारता?" ओरिएने विचारलं.

"दर वेळी," बाई म्हणाल्या. "काहींना कंटाळा येतो. नको असेल तर सांगा, नाही विचारत."

खाली दुकानात कुणीतरी छत्री उघडून पाहत होतं. कापड ताणल्याचा आवाज वर आला. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं. ओरिए हो म्हणाली.

पंधरा मिनिटांनी तिच्या कपाळावर घाम आला. अर्ध्या तासाने दुखणं तेवढंच राहिलं, पण कधी येणार हे तिच्या हातात आल्यामुळे श्वास त्यात बसवता यायला लागला. हो म्हणायच्या आधी ती श्वास घेई आणि वीज गेली की सोडी. काही हो मोठ्याने निघाले, काही नुसते मान हलवण्याइतके. बाईंचा आवाज मात्र प्रत्येक वेळी पहिल्यासारखाच होता.

शेवटाकडे, जांघेजवळच्या एका केसाला सुई टेकली आणि बाईंनी विचारलं, तेव्हा ओरिए म्हणाली, "हा नको."

सुई उचलली गेली. बाईंनी कारण विचारलं नाही. दिवा थोडा डावीकडे सरकवून त्यांनी पुढच्या केसाला सुई टेकवली.

साठ मिनिटं झाल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं, थंड फडकं दिलं, आणि नोंदीचं कार्ड व पेन ओरिएच्या हातात ठेवून आकडे भरायला सांगितलं. ओरिएने आधी कागदावरचे केस चिमट्याच्या टोकाने एकेक करून मोजले, मग लिहिलं. विचारलं : एकोणसाठ. काढले : अठ्ठावन्न.