कॉलनीचा भाव

कूलरच्या टाकीत आतून क्षाराची पांढरी रेघ होती, मागच्या उन्हाळ्यातल्या पाण्याची. तिच्या बोटभर खाली दुसरी रेघ होती आणि ती ओली होती. माझा नवरा गिरिधर दिवाळीत गेला, तेव्हापासून त्याची ही खोली बंद. नळी गळत असावी, असं मी मानलं. नळी तपासली. कोरडी होती.

मुलीला, अदितीला, आज उत्तर हवं होतं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. घर विकायचं की नाही, हे बोलणं मी हिवाळाभर टाळत आले होते.

कूलरचा मिस्त्री हेमराज वाळ्याच्या ताट्या बदलायला आला आणि फाटकातच म्हणाला, "काकू, यंदा इथल्या बंगल्याईचा, रामदासपेठेचा भाव लागन."

"दरवर्षी तर कमी घेतोस."

"ते काकाजींपायी. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीपासूनची वळख. 'बंगला पाहून भाव नोको सांगू, मले कॉलनीचाच लाव,' म्हणत."

"आणि बाकीचे बंगले?"

"त्याईले स्वस्त सांगतलं तं वाटते, मिस्त्री कच्चा आहे."

मी हो म्हटलं. घासाघीस गिरिधरची. भाव पटला की तो अंगठीच्या बोटानं कूलरच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायचा. मला ते कधी जमलं नाही.

मी चहा ठेवला. बंद खोलीतून हेमराजचा आवाज येत होता. एक वाक्य, मग थांबणं, मग हसणं, मग "नाही परवडत जी." फोनवर असेल, असं वाटलं. त्याचा फोन माझ्यासमोर ओट्यावर चार्जिंगला होता.

मग पत्र्यावर टकटक झाली. दोनदा.

हेमराज बाहेर आला. त्यानं चहा घेतला नाही.

"काकू, कॉलनीचाच भाव द्या."

"का रे? आत्ताच तर..."

"ते आयकूनच नाही राहिले," तो फरशीकडे पाहत म्हणाला. त्याच्या बोटांत अंगठी नव्हती.

मी दिलेले पैसे न मोजताच तो गेला. मी खोलीच्या दारापाशी उभी राहिले. टाकीत अजून पाणी भरलं नव्हतं, तरी ओल्या वाळ्याचा वास येत होता.

फोन वाजला.

"आई, ते लोक विचारताहेत. काय सांगू?"

मी दार उघडंच ठेवलं.

"घर विकायचं नाही, अदिती."