निवडलेला पाला

शरयू मिरजेच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. तिचा दिवस पेशंटांना काय खायचं, काय टाळायचं हे सांगण्यात जायचा. त्यामुळं उंब्रजचे लालासाहेबमामा वारले आणि त्यांच्या विलायती कासवाचं काय करायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडंच बोट दाखवलं. मामांची मुलगी अंकिता ते खोक्यात घालून सांगलीला शरयूच्या घरी घेऊन आली.

"ताई, बाबा गेल्यापास्नं ते कशाला तोंडच लावंना. पाठ बी मऊ लागतीया."

जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. मामा रोज पालक, काकडी आणि टोमॅटो घालत, हे कळल्यावर ते म्हणाले, "पालकानं कॅल्शियम अंगी लागत नाही. काकडी म्हणजे नुसतं पाणी. हरळी, जास्वंदीची पानं जास्त द्या. जोडीला भोपळ्याचा पाला, थोडा शेवगा. बदलून बदलून."

दुसऱ्या दिवशी शरयूनं सगळा पाला एकत्र परातीत टाकला, कासवापुढं ठेवला आणि दाराला कुलूप लावून कामावर गेली. नवरा विश्वजित फौजेत, राजस्थानला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी येऊन बघते तर पाला निवडलेला. पानावर पान रचलेलं, देठ सगळे एका बाजूला. पिवळी पानं वेगळी काढून परातीबाहेर ठेवलेली. आणि कासव त्या रचलेल्या ढिगातलं सावकाश खात होतं.

भाजी अशी लायनीत निवडणारा एकच माणूस तिनं पाहिला होता. फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले मामा.

तिनं विश्वजितला फोन लावला.

"कासवानंच विस्कटलं असेल," तो हसला.

"विस्कटलं नाही रे. रचलंय."

रविवारी ती मुद्दाम परातीसमोर बसली. पाल्यात तिनं पालकाची चार पानं मिसळली होती. दुपार झाली, काही हललं नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती गॅस बंद करायला उठली, आणि परत आली तेव्हा पाला रचून झाला होता. पालकाची चारही पानं फरशीवर, एकाखाली एक.

पालक वाईट, हे मामांना जिवंतपणी ठाऊक नव्हतं. ते डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मामांना जाऊन सतरा दिवस झाले होते.

पुढं कासव सुधारलं. पाठ घट्ट झाली, हाक मारली की मान बाहेर काढायचं. पण शरयूचं वजन उतरत चाललं. घरात शिरताना तिची छाती धडधडायची. शेवटी तिनं अंकिताला बोलावलं, काय घालायचं ते लिहून दिलं आणि कासव उंब्रजला पाठवून दिलं. चार दिवसांनी फोन केला.

"खातंय का?"

"लय खातंय की!"

"पाला... कोण निवडतं?"

"निवडायचा कशाला? तसाच टाकते मी."

त्या संध्याकाळी शरयू खूप दिवसांनी मोकळ्या मनानं घरी आली. स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. सकाळी टोपलीत टाकून गेलेली मेथी ताटात रचलेली होती, देठ सगळे एका बाजूला. लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा ओट्यावरून उतरवून दाराबाहेर ठेवलेले.

ती रात्र तिनं शेजारी काढली. लोणचं-पापड ती रक्तदाबाच्या पेशंटांना बंद करायला सांगायची. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सकडून रक्तदाब मोजून घेतला. नर्सनं पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजला.

"मॅडम, एकशे ऐंशी. डोकं दुखत नव्हतं का तुमचं?"

दुखत होतं. महिनाभर. भीतीनं दुखतंय, असं ती धरून चालली होती.

शरयूनं घर बदललं नाही. गोळ्या सुरू केल्या. भाजी आणून ओट्यावर ठेवते, कामावर जाते, आणि आल्यावर ताटात जे निवडलेलं असेल तेच शिजवते. विश्वजित सुट्टीवर आला, जेवायला बसला आणि त्यानं पापड मागितला.

"आपल्या घरात पापड चालत नाही," ती म्हणाली.

"कुणाला?"

शरयूनं त्याच्या ताटात मेथी वाढली आणि स्वतः जेवू लागली.