कुंकवाचा डाग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्याजवळ कुणाचाच फोटो नाही. चेहरे टिपणं माझं कामच नव्हतं. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा लेझरचा किरण मी पाहायचो आणि त्याचा आकार शेजारच्या छोट्या टीव्हीवर दाखवायचो.

सत्त्याऐंशी साली, लागोपाठच्या दुष्काळात, एका सहकारी साखर कारखान्याने उमरग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याला लेझर यंत्र दिलं. त्याच्यासोबत मीही आलो. ऊस वाळून गेला होता, गाळप बंद होतं, तरी हारतुरे झाले. चेअरमनसाहेबांनी माझ्यासमोर उभं राहून केस सारखे केले. मी फोटो काढतोय असं त्यांना वाटलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काहींच्या डोळ्यात पुन्हा पातळ पापुद्रा धरतो. तो लेझरने फोडायचा. त्याआधी रोज सकाळी डॉक्टर शरणबसप्पा किरण माझ्यावर सोडत. टीव्हीवर गोल ठिपका उमटला, मध्ये ठळक आणि कडेला फिकट, म्हणजे किरण चांगला. ठिपका फाटला किंवा कलला, तर यंत्र बंद ठेवायचं.

"याला विचारल्याशिवाय मी डोळ्याला हात लावत न्हाय," असं डॉक्टर सगळ्यांना सांगत. तेव्हा मला अभिमान वाटला होता, असं आठवतं.

मग खंडेनवमी आली. दवाखान्यातल्या केशरबाईंनी मायेने सगळ्या यंत्रांची पूजा केली आणि माझ्या काचेवरच हळदकुंकू लावलं. दसरा झाल्यावर पाहतात तर ठिपक्याच्या मधोमध काळा डाग! डॉक्टरांनी पेशंट माघारी पाठवले, पुण्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने रुमालाने माझी काच पुसली आणि तो पोट धरून हसला. डॉक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून मी खोटारडा ठरलो.

उन्हाळ्यात दगडाबाई आली. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायची. कपची लागून तिचा एक डोळा आधीच गेला होता, आणि उरलेल्या डोळ्यात पापुद्रा धरला होता. हातोडी चुकून हातावर बसे, म्हणून तिने बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

त्या सकाळी लेझरमधला आरसा खरोखरच बिघडला होता. टीव्हीवर ठिपका दोन तुकड्यांत फाटलेला होता. डॉक्टरांनी तो पाहिला.

"केशरबाई, पुन्हा कुंकू लावलं का याला?"

"न्हाय साहेब. म्या हातबी लावला न्हाय."

"मग जुनंच राहिलं असंल. बाई सकाळपासून बसलीय. घ्या तिला आत."

"करा साहेब," दगडाबाई म्हणाली. "मला लई दिसाया नको. हातोडी दिसली म्हंजे झालं."

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत. किरण नको तिथं गेला आणि डोळ्याच्या आतला पडदा भाजला. दगडाबाई उठून बसली.

"लाईट गेली का, साहेब?"

डोक्यावर पंखा फिरत होता.

दुपारी डॉक्टर एकटे आले. त्यांनी किरण सोडला आणि मला बोटभर सरकवलं. डाग माझ्या काचेवर असता तर टीव्हीवर जागच्या जागी राहिला असता. पण ठिपका सरकला आणि त्याच्यासोबत फटही सरकली. म्हणजे फट किरणातच होती, हे डॉक्टरांना कळलं. मग त्यांनी माझ्यावर फडकं टाकलं.

आता मी कपाटात असतो. मला वाईट वाटायला हवं होतं. पण काहीच वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. खंडेनवमीला केशरबाई कपाट उघडतात, लांबूनच हात जोडतात आणि पुन्हा लावून घेतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना पुसा, धुळीपासून जपा. पण एकदा चुकलेल्याने पुन्हा काही वाईट दाखवलं, तर त्याला हसण्याआधी बोटभर सरकवून पाहा. दगडाबाईसाठी एवढंच करायचं राहिलं होतं.