नदीकडचं दार

अन्नपूर्णाबाईनं घराचं मागचं दार लावणं सोडलं, त्याला दोन पावसाळे झाले. दार नदीकडचं. तिचा लोकेश हिरवा टी-शर्ट अंगात घालून त्याच दारानं डोंगा घेऊन वैनगंगेवर गेला. डोंगा वडसा गावाच्या खाली सापडला, पोरगा नाही. दार लावायला गेलं की बाई म्हणायची, "तो आला अन् बंद दिसलं तं?" पण परवा बिबट्यानं शेजारच्यांची शेळी गोठ्यातून उचलली, तेव्हा तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? घरात मायलेकी दोघीच. थोरली मोनाली उशाशी काठी घेऊन पडायची आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही.

मोनाली कॉलेजात शिकायची आणि जीव रमवायला लॅपटॉपवर घर बांधायचा खेळ खेळायची. घर बांधायचं, अंगण आखायचं, ते सगळं उचलून नकाशावरच्या रिकाम्या प्लॉटवर ठेवायचं, मग आत माणसं सोडायची. ती आपापली रांधतात, जेवतात, भांडतातसुद्धा. रिकामपणाचा उद्योग, दुसरं काय! तिनं आपलंच घर बांधलं, छपरावरच्या कवेलूंसकट, आणि त्यासाठी नदीकाठचा प्लॉट निवडला. आत आई आणि ती. लोकेशला घडवायला हात धजला नाही.

पण ठेवताना घोळ झाला. प्लॉटचं तोंड रस्त्याकडे हवं, ते घाईत नदीकडे लागलं आणि मागचं दारच पुढचं झालं. खेळात येणारा-जाणारा पुढच्याच दारानं येतो. म्हणजे आता जो येईल तो पाण्याकडून. उद्या फिरवून बसवू, म्हणाली, आणि आळस केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तांदूळ निवडायचं सूप घेऊन शेजारी येऊन बसली. पडद्यावरचं घर ओळखून हसली, किती दिवसांनी. तेवढ्यात पाण्याच्या कडेनं एक पोरगा चालत आला. हिरवा टी-शर्ट, खांदे जरा झुकलेले. दारात थबकला, आत शिरला, थेट स्वयंपाकघरात गेला आणि ताट घेऊन बसला.

असे वाटसरू खेळ स्वतःच पाठवतो, नावंही तोच देतो, हे मोनालीला पक्कं ठाऊक होतं. पडद्यावरचा बाण नेऊन ठेवला की डोक्यावर नाव दिसतं. आईला तसं समजावत तिनं बाण त्याच्याकडे नेला. आईनं तिचा हात धरला.

"नाव नोको पाहू," आई म्हणाली. "जेऊ दे त्याले."

मग ती उठून मागं गेली. दार लागलं, कडी चढली. याच आवाजासाठी मोनालीनं तिच्या किती विनवण्या केल्या होत्या! तिला रडूच फुटलं. सुटलो बाई एकदाच्या, असं वाटलं तिला.

आई परत येऊन बसली. "आता हे बंद नोको करू," ती पडद्याकडे बोट करत म्हणाली. "तो आत आहे."

आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच म्हातारी झालेली. पोरगा अजून ताटावरच होता. पडदा मंद झाला, मग काळा. आई काळ्या पडद्याकडे पाहत राहिली.

मागच्या दारावर काही वाजलं नाही. कुणी हाक मारली नाही. तरी मोनाली उठली, चाचपडत मागं गेली आणि आपल्या हातानं कडी काढली.