दुनळीचा दुसरा बार

जर्मनीची लढाई पेटायच्या आदल्या वर्षी बाजारकुणंगच्या शिवारात एका डुकरानं माणसांना भातात उतरणं अवघड करून ठेवलं होतं. कळपातून फुटलेला, रेडकासारखा थोराड नर. भात पिकायला लागलं तसा तो दिवसाउजेडी खाली यायला लागला. कुत्री अंगावर घातली, तर त्यानं दोन कुत्र्यांची आतडी बांधावर पसरली.

गावचा बुदवंत लाडू, म्हणजे कुणब्यांचा मुखी, त्याच्याकडं ठासणीची जुनी बंदूक होती. ती एकदा उडाली की पुन्हा ठासून होईपर्यंत जनावर डोंगरापल्याड जायचं. म्हणून त्यानं बेळगावच्या एका दुकानातून नवी दुनळी मागवली. ती घेऊन दुकानाचा माणूस स्वतः आला. नाव नारायण, गाव खानापूरकडचं, बोलण्यात साखर. लाडूच्या अंगणात घोंगडीवर बसून त्यानं दुकानाची छापील जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली.

"एक चाप वढला की एक नळी. दुसरा वढला की दुसरी. आणि बंदूक मोडली की रिकामी काडतुसं आपसूक भाईर उडत्यात. पापणी लवायच्या आत पुन्हा भरून तयार."

गावातलाच गुणा खांबाला टेकून ऐकत होता. त्याच्या शेजारी त्याचा मेव्हणा म्हादू बसला होता, धाकट्या बहिणीचा, पारूचा नवरा. गावात म्हादूसारखा नेमबाज नव्हता. तो दुनळीकडं असा बघत होता, जशी काय ती त्याच्याच घरी नांदायला आलीय.

नारायणानं एका नळीत काडतूस घालून फणसावर बार काढून दाखवला. सालीच्या चिंध्या उडाल्या आणि सगळे खूश झाले. रिकामं काडतूस मात्र उडालं नाही. नारायणानं ते नखानं ओढून काढलं.

"आपसूक उडतंय म्हणालास न्हवं?" गुणानं विचारलं.

"नवी हाय. अजून दाठर हाय. चार बार झाले की सैल पडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका निघाला. लाडूचे हात म्हातारपणानं कापायचे, म्हणून त्यानं दुनळी म्हादूच्या हातात दिली. ओहळाच्या तोंडाशी, जिथून डुक्कर हमखास निघायचा, तिथं म्हादू उभा राहिला. थोड्या अंतरावर भाला घेऊन गुणा. मागच्या खडकावर लाडू, त्याच्याही हातात भाला, आणि त्याच्याजवळ गंमत बघायला नारायण.

वरून डबे वाजायला लागले, कुत्री केकाटली, आणि कारवी मोडत डुक्कर सरळ ओहळात उतरला. म्हादूनं त्याला जवळ येऊ दिला. मग चाप ओढला.

आवाज एकच झाला, पण असा की गुणाच्या कानांत दडे बसले. म्हादू धक्क्यानं मागं कोलमडला. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर बसला, मान हलवून उठला आणि म्हादूकडं वळला. म्हादूनं दुसरा चाप ओढला. टक् असा नुसता आवाज आला. त्यानं पुन्हा ओढला. मग त्यानं बंदूक मोडली. धुरानं काळी पडलेली दोन्ही काडतुसं नळ्यांत घट्ट बसून होती. तो ती नखांनी उचकटायला लागला.

"दाजी, टाक ती! झाडावर चढ!" गुणा ओरडत धावला.

म्हादूनं मान वर केली तेव्हा डुक्कर त्याच्या अंगावर होता. सुळा मांडीत शिरला आणि ओटीपोटापर्यंत वर गेला. म्हादू उचलला गेला, पडला, आणि डुक्कर त्याला खाली घेऊन पुन्हा पुन्हा मान झटकत राहिला. गुणानं सगळ्या ताकदीनं भाला बरगड्यांत घातला. दांडा मोडून अर्धा त्याच्या हातात राहिला आणि डुक्कर पात्यासकट समोरच्या बांबूच्या जाळीत घुसला.

गुणानं धोतर फाडून जखमेत कोंबलं. ते बघता बघता भिजलं. म्हादूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"दुसरा बार," म्हादू म्हणाला, "निघालाच न्हाई रे."

"गप पड. बोलू नको."

"मी वढला हुता."

"व्हय. मी बघितलो."

म्हादूनं त्याचं मनगट धरलं होतं. ती पकड सैल पडली तरी गुणा तसाच बसून राहिला.

नारायण खडकावरून उतरून जवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तोंड चालूच होतं.

"घाबरून दोन्ही चाप एकदम वढलं आसतील त्यानं. बंदुकीत खोट न्हाई. बंदूक चोख हाय."

गुणानं म्हादूचं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं. कंबरेच्या कोयत्यानं अडकलेली काडतुसं उचकटून काढली. लाडूचा भाला घेतला आणि दुनळी नारायणाच्या हातात कोंबली.

"चोख हाय न्हवं? मग चल. डुक्कर अजून जित्ता हाय."

"गुणा, सोड त्याला," लाडू म्हणाला. "त्यो दुकानदार माणूस."

गुणानं ऐकलं नाही. नारायणाला दंडाला धरून तो जाळीत शिरला. रक्ताचे थेंब पानापानांवर होते. आत अंधारलं होतं आणि डुकराच्या घशातली घरघर कुठूनशी ऐकू येत होती.

"भर," गुणा म्हणाला.

नारायणानं खिशातलं एक काडतूस घातलं आणि बंदूक मिटली.

गुणा बघतच राहिला. "दुसरी नळी?"

नारायणानं बंदूक छातीशी ओढून घेतली.

"काल फणसावर बी एकच भरलास. दुसरी का भरत न्हाईस?"

"दोन्ही एकदम उडत्यात," नारायण हलक्या आवाजात म्हणाला. "एक चाप वढला तरी. आलेल्या मालातल्या लई बंदुकांत ही खोट हाय. मालकानं सांगितलं, इकून टाका, जंगलातली माणसं काय परत द्याला येत न्हाईत."

"म्हादूला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

एवढ्यात घरघर थांबली. गुणाला कळलं, की जनावरानं वास घेतला. बांबू कडकडले आणि डुक्कर समोरून फुटला, तोंडाला फेस, बरगडीत भाल्याचा तुकडा. नारायणानं बार काढला. छर्रे खांद्यात गेले, मांस उघडं पडलं, पण डुक्कर थांबला नाही. नारायणानं बंदूक मोडली आणि म्हादूनं जे केलं होतं तेच करायला लागला. नखांनी काडतूस खरवडायला लागला.

गुणा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. भाला त्याच्या हातात होता. पुढं टाकायचा तो पाय त्यानं टाकला नाही. नारायण खाली गेला, गुडघ्याखाली हाड मोडल्याचा आवाज आला, त्याची किंकाळी आली, आणि गुणा उभाच राहिला. त्याला वाटलं होतं, हे बघून आतलं काहीतरी निवेल. काहीच निवलं नाही. खाली एक माणूस मातीत बोटं रुतवून सरपटत होता, इतकंच.

मग तो पुढं गेला. भाला मानेच्या मुळाशी घालून त्यानं अंगाचा सगळा भार टाकला. डुकरानं त्याला तीनदा उचललं, जाळीवर आपटलं, पोटरी फाडली. गुणानं दांडा सोडला नाही. शेवटी डाव्या हातानं कोयता काढून तो गळ्यावर घाव घालत राहिला. डुक्कर हलायचा थांबला तरी त्याचा हात थांबायला वेळ लागला.

गावची माणसं म्हादूला बांबूच्या डोलीवरून घेऊन पुढं गेली होती. मागून गुणा लंगडत आला. पाठीवर नारायण, त्याचा पाय मुंडाशानं बांधलेला.

पारू अंगणात नवऱ्याजवळ बसली होती. ती रडत नव्हती. "ह्यो कोण?" तिनं विचारलं.

"बंदूकवाला. बंदुकीत खोट हाय हे त्याला ठावं हुतं. मी त्याला डुकराच्या पुढ्यात नेला."

"मग परत कशाला आणलास?"

गुणानं नारायणाला पडवीत निजवलं. थोड्या वेळानं पारूच उठली, तांब्या भरून आणला आणि नारायणाच्या उशाशी ठेवून परत नवऱ्याजवळ जाऊन बसली.

चौकशीला सुप्याहून फौजदार आला. नारायणानं जबाब दिला, की बंदुकीची खोट आपल्याला माहीत होती आणि आपण आपल्याच मर्जीनं जाळीत गेलो.

"न्हाई सायेब," गुणा म्हणाला. "मी वढत नेला त्याला. आणि डुक्कर आला तवा मी हाललो न्हाई."

"ह्याच्या घरचा माणूस गेलाय," नारायण पडल्या पडल्या म्हणाला. "डोकं ठिकाणावर न्हाई. मी सांगतो तेच लिवा."

फौजदारानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग अंगणात जाऊन त्यानं दुनळीच्या दोन्ही नळ्या भरल्या आणि आभाळाकडं धरून एकच चाप ओढला. दोन्ही बार एकदम झाले. खांदा चोळत त्यानं नारायणाचा जबाब होता तसा ठेवला आणि बंदूक जप्त करून नेली.

नारायणाचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. बेळगावच्या त्या दुकानाची जाहिरात पुढं वर्षभर तशीच छापून येत राहिली.

पोटरीची जखम भरायच्या आधीच गुणा विळा घेऊन पारूच्या शेतात उतरला. तुडवून उरलेलं भात दोघांनी मिळून कापलं. दुपारी पारूनं बांधावर बसून त्याची पट्टी सोडली, जखम धुतली आणि पुन्हा घट्ट बांधली.