कुठे वापरू नये

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिच्या आधीपासून तिचा नवरा तिथे ड्रॉइंग काढायचा. तो जाऊन अकरा महिने झाले, तरी हाक तीच राहिली.

तिथे बनणारी दाताच्या डॉक्टरची खुर्ची असो, सलूनची असो की दवाखान्यातली खाट, माणसाला वर उचलणारा भाग एकच, नवऱ्याने काढलेला. आहे ते बसवा, उगाच डोकं चालवू नका, असा तिथला खाक्या. नियम एवढाच की जुना भाग नव्या मालात घालायचा, तर मूळ काढणाऱ्याने ‘चालेल’ म्हणून सही करायची. मूळ काढणारा नव्हता, म्हणून फाइल ड्रॉइंग तपासणाऱ्या वहिनींच्या टेबलावर आली.

“रुग्णवाहिकेतली खुर्ची आहे,” साहेब म्हणाले. “बाकीचा सगळा जुना माल यंदा बंद होतोय. हिच्यात घातला तरच त्याचा भाग टिकेल. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

बरं वाटायला हवं होतं. पण तिला काहीच वाटलं नाही. अकरा महिने असंच चाललं होतं. भेटायला आलेले रडायचे आणि हीच त्यांना पाणी द्यायची.

तिने त्याचा जुना कागद काढला. शेवटचा रकाना होता, ‘कुठे वापरू नये’. तिथे सगळे रेघ मारून मोकळे होत. नवरा मुलखाचा किचकट, त्याने लिहिलं होतं: ‘जमीन सपाट नसेल तिथे नको. उतारावर खटका निसटतो. मी स्वतः पाहिलंय.’

“एवढं कोण वाचतं, वहिनी?” साहेब म्हणाले.

“मी वाचलं ना.”

तिने ‘चालणार नाही’ लिहून सही ठोकली. यापुढे त्याच्या हातचं तिथे काहीच बनणार नव्हतं. हे कळत असूनही तिने डबा उघडला आणि सगळा संपवला.

आठवड्याने नवा भाग काढायला घेतलेली मुलगी कोरा तक्ता घेऊन आली. तिला आधी अटी हव्या होत्या. वहिनींनी पहिलीच लिहिली: ‘उतारावर खटका निसटता कामा नये.’ पुढच्या रकान्यात, अट कुणाची, तिथे नवऱ्याचं नाव घातलं.

“पण ते तर नाहीत ना आता?” मुलगी चाचरत म्हणाली. “काही अडलं तर विचारायचं कुणाला?”

“मला विचार,” वहिनी म्हणाल्या. दुसरी अट लिहायला त्यांनी पेन टेकवलं, पण तक्त्यावरच्या रेघा त्यांना दिसेनात.