स्पॅममध्ये पडलेली सूचना

इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात सृष्टी कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या कामगारांना पोचावा, म्हणून तिनं कंपनीच्या मेलशेजारी यादीचा वेगळा सर्व्हर उभा केला. चाचणीचा मेल तिनं आपल्या खासगी खात्यावर बघितला. कंपनीच्या खात्यावर बघायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी त्या यादीवर सूचना गेली: मळीच्या टाकीत विषारी वायू साठलाय, कुणी उतरू नये. दहा वाजता पाळीप्रमुख कृष्णात टाकीत उतरला. त्याला वर काढलं तेव्हा तो गेला होता.

सृष्टीनं त्याचं खातं उघडलं. सूचना स्पॅममध्ये पडली होती. नव्या सर्व्हरला कंपनीच्या नावानं मेल पाठवायची परवानगी द्यायला ती विसरली होती, म्हणून मेलच्या जुन्या सर्व्हरनं ती सूचना खोटी धरली होती.

"सूचना पाठवली, त्यानं वाचली नाही. अहवालात एवढंच लिहा," मॅनेजर म्हणाले.

ती लिहायच्या आधी कृष्णातच्या घरी गेली. त्याची बायको शालूबाई जोत्यावर बसली होती.

"सायेब म्हनत्यात, त्यांनी वाचलं न्हाई. पर कामावर गेल्या गेल्या ते आदी मेल बघायचं. खरं काय हाय?"

"काकी, त्यांना ती सूचना दिसलीच नाही. चूक माझी हाय."

शालूबाई जोत्यावरून उठली.

"मग त्येच लिव. आन् परत हितं येऊ नगंस."

सृष्टीनं तेच लिहिलं. आठवड्याभरात तिला कामावरून काढलं.